शेवंता आणि राजाचा ओटा

नदीकाठच्या एका गावात राहायचा एक राजा. ए दिगू, आधी गोधडीतले पाय आवर, मग पुढचं सांगते. हं. तर राजाची राणी तापाने गेली. मागे राहिली एवढीशी लेक, शेवंता. तिला राजाने खरं सांगितलंच नाही! "आई माहेरी गेलीय," म्हणाला. पण गावात तर सगळ्यांना ठाऊक. ओट्यावर बसणारं कुणी पोरीशी बोललं तर? म्हणून मग त्याने गवंडी बोलावले, दारापुढचा ओटा पाडला आणि गावाकडे उंच भिंत घातली.

त्या दिवशी काय झालं, शेवंताचं हसू भिंतीपलीकडेच राहिलं. पोर हसेचना. राजाला वाटलं, नदीवर बायका धुणं धुताना बोलतात, ते हिच्या कानावर आलं असेल. मग नदीकडेही भिंत घातली, तर तिचा आवाज तिकडे राहिला. उरलं अंगण. तिथे बसून पोर आईची वाट बघायची, आभाळात पाखरं शोधायची. राजाला ते बघवेना. मग अंगणावर छप्पर घातलं. ऊन गेलं आणि पोरीची सावलीही गेली, बरं का!

एवढा थोरला महाल आणि त्यात दोन माणसं. राजा घास घेऊन बसायचा, ती नुसती बघायची. वाळत चालली हो पोर! मला तर सांगतानाही कसंतरी होतं.

मग राजा घाबरला. ही पण जाईल, त्याच्या मनात आलं. त्याने छप्पर काढलं, दोन्ही भिंती पाडल्या. बघतो तर हसू, आवाज, सावली, तिघंही रस्त्यात उभी.

"चला गं घरात," राजा म्हणाला.

आवाज बोलला. लेकीचाच, पण अगदी परक्यासारखा. "असे कसे येऊ? तूच बाहेर ठेवलंस. आता आम्ही पाहुणे. पाहुण्याला आधी ओट्यावर बसवतात, गूळपाणी देतात, मग आत नेतात. तुझ्या घराला ओटा कुठाय?"

मग राजाने स्वतः माती कालवली. दगड रचले. चार माणसं ऐसपैस बसतील असा रुंद ओटा घातला आणि गूळपाणी घेऊन वाट बघत बसला. पण यायचं कुणी? आधी कुणी बसल्याशिवाय ती तिघंही रस्त्यातून हलेनात. लोक मान खाली घालून पुढे जायचे. पहिल्या दिवशी कुणी नाही. दुसऱ्या दिवशी एक कुत्रं आलं, गूळ खाऊन गेलं. राजा आपला एकटाच.

तिसऱ्या दिवशी परगावची कासारीण आली, डोक्यावर बांगड्यांची पाटी. राजाला ती काय ओळखणार! "सरक की रे बाबा जरा," म्हणाली, "पाय मोडले माझे!" आणि राजा सरकला! ती बसली ते बघून नदीवरच्या बायका आल्या. त्यांच्यामागून सावली आली, आवाज आला. गूळपाणी घेतलं आणि गेली दोघं आत.

मग शेवंता दारात आली. आणि पहिलं काय बोलली?

"बाबा, आई मेली ना?"

राजाने हातातलं गूळपाणी खाली ठेवलं. मग म्हणाला, "हो गं पोरी." आणि ओक्साबोक्शी रडला. शेवंता रडली. बायका रडल्या. कासारणीने तर राणीला कधी पाहिलंही नव्हतं, तरी तीही रडली. मग तिने शेवंताला मांडीवर घेतलं आणि गूळ भरवला. पोरीने तो खाल्ला.

हसू होय? अगं यमे, ते लगेच कसं येईल! बरेच दिवस ओट्याच्या कडेला बसून होतं. मग एकदा आलं आत, कधी ते राजालाही कळलं नाही. पुढे सगळी सुखात राहिली. कासारीण वर्षाला यायची, शेवंताच्या हातात बांगड्या भरायची.

नाही रे दिगू, राणी नाही आली. गेलेलं माणूस नाही येत बाळा. अगोबाई, रडतोस होय? रड हो. ये, असा माझ्या कुशीत ये. यमे, तूही ये. आणि निजा आता.