ठिपकीची शंकरपाळी आणि बॅटरीची खोली

ठिपकी मुंगी होती एवढीशी. तीळसुद्धा तिच्यापेक्षा मोठा.

एके दिवशी ठिपकीला सोफ्यावर शंकरपाळी सापडली. अख्खी नाही. नुसता एक कोपरा. पण कोपरा खुसखुशीत होता. गोड होता. वर साखरेची भुकटी होती आणि साखरेचा एक कण चिकटला होता.

ठिपकी आज पहिल्यांदाच एकटी खाऊ आणायला आली होती. भिंतीच्या भोकात सगळ्या बहिणी वाट बघत होत्या. "एवढीशी आहे," त्या म्हणत होत्या, "पण आणेल."

ठिपकीने कोपरा उचलला. तुरुतुरु तुरुतुरु. कोपरा फार जड होता. ठिपकी दमली.

वाटेत एक खोली लागली. चौकोनी खोली. कोरडी खोली. दार सताड उघडं.

ती होती बॅटरीची खोली. टीव्हीवरच्या खेळाचा रिमोट असतो ना, बिनवायरचा? त्याच्या पाठीत ही खोली असते. त्या घरातल्या बाबाकडे दोन बॅटऱ्या होत्या. एक दमली, की ती चार्जरवर जेवायला जायची. मग दुसरी खेळायला यायची. बॅटऱ्यांना आराम असायचा. बाबाला नसायचा.

आत्ता बाबा दमलेली बॅटरी ठेवायला गेला होता. म्हणून खोली रिकामी होती. पण हे ठिपकीला काय माहीत? तिला वाटलं, ही खोली मुंग्यांसाठीच बांधली आहे. तिने शंकरपाळी आत ठेवली. भिंत किती लांब आहे, ते बघायला ती बाहेर आली.

तेवढ्यात बाबा आला. त्याने जेवलेली बॅटरी खोलीत घातली.

"बसत का नाही ही?" बाबा म्हणाला. त्याने जोरात दाबलं. वर झाकण लावलं.

खट्.

बॅटरी आत. शंकरपाळी आत. ठिपकी बाहेर.

ठिपकीला रडू आलं. पण ती कुणाला चावली नाही. तिच्या आईने तिला सांगितलं होतं, "चांगल्या मुंग्या चावत नाहीत. चांगल्या मुंग्या विचारतात."

म्हणून ठिपकी विचारायला निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली झाकणाकडे.

"झाकणदादा, झाकणदादा, उघडा ना. माझी शंकरपाळी मला मिळेना."

झाकण म्हणालं, "मी नाही उघडणार. बॅटरीने आतून ढकललं, तर उघडेन."

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली फटीपाशी. फटीतून तिने बॅटरीला हाक मारली.

"बॅटरीताई, बॅटरीताई, ढकला ना.
झाकण उघडेना,
माझी शंकरपाळी मला मिळेना."

बॅटरी म्हणाली, "ही शंकरपाळी तुझी होय? मला केव्हाची टोचतेय."

"टोचतेय, तर द्या ना," ठिपकी म्हणाली.

"मी नाही ढकलणार. आत्ताच जेवून आलेय. पोट टम्म आहे. रिमोट धप्पकन पडला, तर ढकलेन."

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली रिमोटकडे.

"रिमोटमामा, रिमोटमामा, पडा ना.
बॅटरी ढकलेना,
झाकण उघडेना,
माझी शंकरपाळी मला मिळेना."

रिमोट म्हणाला, "मला वायर नाही, ठाऊक आहे ना? मी मोकळा आहे. हवा तिकडे जातो."

"मग जरा खाली जा ना, मामा."

"कसा जाऊ? अंगठ्याने धरलंय. मी नाही पडणार. अंगठ्याने सोडलं, तर पडेन."

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली अंगठ्याकडे. अंगठा उड्या मारत होता. टिक टिक टिक. टिक टिक टिक.

"अंगठेराव, अंगठेराव, सोडा ना.
रिमोट पडेना,
बॅटरी ढकलेना,
झाकण उघडेना,
माझी शंकरपाळी मला मिळेना."

अंगठा म्हणाला, "मी नाही सोडणार. बाबा उठला, तर सोडेन. मलाही दुखतंय गं. पण मला विचारतं कोण?"

"मी विचारतेय की," ठिपकी म्हणाली.

पण अंगठ्याला थांबायला वेळ नव्हता. टिक टिक टिक.

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी चढली मनगटावर. मग कोपरावर. मग खांद्यावर. पोचली बाबाच्या कानापाशी.

बाबा टीव्हीकडे बघत होता. टीव्हीत एक छोटा माणूस होता. तो खड्ड्यात पडायचा. पडला की उठायचा. उठला की परत त्याच खड्ड्यात पडायचा.

"बाबा, अहो बाबा, उठा ना.
अंगठा सोडेना,
रिमोट पडेना,
बॅटरी ढकलेना,
झाकण उघडेना,
माझी शंकरपाळी मला मिळेना."

बाबाने मान वळवली नाही. "हो राणी. बस, हा शेवटचा डाव."

"राणी मी नाही," ठिपकी म्हणाली. "राणी घरी आहे. मी ठिपकी."

"हो राणी," बाबा म्हणाला. "मी नाही उठणार. आईने हाक मारली, तर उठेन."

छोटा माणूस खड्ड्यात पडला. धुडूम.

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली आईकडे. आई खिडकीत बसली होती. आईच्या कानाला फोन होता. आईपुढे चहा होता. चहा गार झाला होता. चहावर साय आली होती.

"काय सांगू तुला, ताई," आई फोनवर म्हणत होती. "दुपारपासून खेळतोय. आजूबाजूला काय चाललंय, याला कळतच नाही."

ठिपकी आईच्या नाकासमोर उभी राहिली. कपाच्या कडेवर. आईला ती दिसली नाही.

"आई, अहो आई, हाक मारा ना.
बाबा उठेना,
अंगठा सोडेना,
रिमोट पडेना,
बॅटरी ढकलेना,
झाकण उघडेना,
माझी शंकरपाळी मला मिळेना."

आई म्हणाली, "बोलतेय ना मी? मी नाही हाक मारणार. फोन थांबला, तर मारेन."

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली फोनकडे. फोन बोलून बोलून गरम झाला होता. ठिपकीचे पाय पोळले.

"फोनभाऊ, फोनभाऊ, थांबा ना.
आई हाक मारेना,
बाबा उठेना,
अंगठा सोडेना,
रिमोट पडेना,
बॅटरी ढकलेना,
झाकण उघडेना,
माझी शंकरपाळी मला मिळेना."

फोन म्हणाला, "मी नाही थांबणार. पलीकडे मावशी आहे. मावशी थांबते का कधी? रेवू रडली, तर थांबेन."

आता रेवू कुठे शोधायची?

तुरुतुरु तुरुतुरु. सोफ्याखाली नाही. टेबलाखाली नाही. रेवू होती दारापाशी.

रेवू बाबाची मुलगी. दोन वर्षांची. ती दारापाशी मांडी घालून बसली होती. पायात बूट होते. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. मांडीवर चेंडू होता. बाबा म्हणाला होता, "एक डाव झाला, की बागेत जाऊ." मग एक डाव झाला. दोन डाव झाले. खूप डाव झाले. चेंडू मांडीवरच.

"रेवू, रेवू, रड ना.
फोन थांबेना,
आई हाक मारेना,
बाबा उठेना,
अंगठा सोडेना,
रिमोट पडेना,
बॅटरी ढकलेना,
झाकण उघडेना,
माझी शंकरपाळी मला मिळेना."

रेवूने खाली बघितलं. आज पहिल्यांदाच कुणीतरी ठिपकीकडे बघितलं.

रेवू म्हणाली, "मी नाही रडणार. शहाणी मुलं रडत नाहीत. मी दुपारपासून शहाणी आहे."

"मग काय मिळालं?" ठिपकीने विचारलं.

"काही नाही. तू?"

"मीपण शहाणी आहे. चांगल्या मुंग्या चावत नाहीत. विचारतात."

"मग तुला काय मिळालं?"

"काही नाही."

दोघी शहाण्यांनी चेंडूकडे बघितलं.

मग रेवू म्हणाली, "मुंगी चावली, तर रडेन. तेव्हा रडलेलं चालतं. मागे चावली होती, तर कुणी रागावलं नाही."

"बरं," ठिपकी म्हणाली. "मुंगीला विचारून येते."

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी निघाली मुंगी शोधायला. दाराच्या कोपऱ्यात बघितलं. पायपुसण्याखाली बघितलं. मग ती थांबली.

"अगंबाई," ठिपकी म्हणाली. "मुंगी तर मीच."

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी परत आली.

"रेवू, रेवू, विचारून चावलं तर चालतं?"

"चालतं," रेवू म्हणाली. तिने करंगळी पुढे केली. "पण हळू हं."

"चावू?"

"चाव."

चुट्.

लागलं एवढंसं. पण रेवू रडली मोठ्ठं. दुपारपासून साठलेलं सगळं रडली.

भ्यॅंऽऽऽ.

रेवू रडली, फोन थांबला. "ठेवते गं, ताई."

फोन थांबला, आईने हाक मारली. "निनाद. अरे, रेवू रडतेय."

आईने हाक मारली, बाबा उठला. ताडकन.

बाबा उठला, अंगठ्याने सोडलं. सुटलो बाई.

अंगठ्याने सोडलं, रिमोट पडला. धप्प.

रिमोट पडला, बॅटरीने ढकललं. टुण्ण.

बॅटरीने ढकललं, झाकण उघडलं. खट्.

झाकण उघडलं. आणि शंकरपाळी आली बाहेर. घरंगळ घरंगळ घरंगळ. थेट दारापाशी.

ठिपकीने ती पटकन पकडली.

बाबा धावत आला. आई धावत आली. "काय झालं माझ्या राणीला?" बाबा म्हणाला.

"मुंगी चावली," रेवू म्हणाली.

"कुठे आहे ती? दाखव बघू मला," आई म्हणाली. आईने हातात चप्पल घेतली होती.

ठिपकी हलली नाही. शंकरपाळीही हलली नाही.

रेवूने चेंडू हळूच सरकवला. चेंडूमागे शंकरपाळी लपली. शंकरपाळीमागे ठिपकी लपली.

"गेली," रेवू म्हणाली.

आईने चप्पल खाली ठेवली. आईने करंगळीवर फुंकर घातली. फूऽऽ. "शहाणी माझी ती. शहाणी मुलं रडतात का?"

रेवूने चेंडूमागे बघितलं. ठिपकीने रेवूकडे बघितलं.

बाबाने रिमोट उचलला. पाठीतल्या खोलीत बोट फिरवलं. बोटाला साखर लागली.

"हे बघ, आत साखर गेली होती," बाबा म्हणाला. "म्हणूनच मी हरत होतो."

"हो ना," आई म्हणाली. "साखरच ती."

बाबाने एकदा टीव्हीकडे बघितलं. छोटा माणूस खड्ड्यापाशी उभा होता. वाट बघत होता. मग बाबाने रेवूकडे बघितलं. बूट उलटे. चेंडू जवळ. तीही वाट बघत होती.

बाबाने रेवूचे बूट काढले. डावा डाव्यात घातला. उजवा उजव्यात घातला. मग स्वतःच्या चपला घातल्या.

"थांबा, मीपण येते," आई म्हणाली. तिने फोन टेबलावर ठेवला. गार चहा तसाच राहिला.

रेवू, आई आणि बाबा बागेत गेले. चेंडू टप् टप् टुणुक. टप् टप् टुणुक.

आणि ठिपकी? तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी घरी गेली. सगळ्या बहिणी भोकापाशी उभ्या होत्या.

"किती उशीर," बहिणी म्हणाल्या. "एवढा वेळ काय करत होतीस?"

"विचारत होते," ठिपकी म्हणाली.

मग सगळ्यांनी शंकरपाळी खाल्ली. कुट् कुट् कुट्. साखरेचा कण मात्र ठिपकीने खाल्ला. तो तिचाच होता.

घरात टीव्ही बंद होता. जाताना बाबाने रिमोटमधली बॅटरीही चार्जरवर ठेवली होती. दोन्ही बॅटऱ्या चार्जरवर शेजारी शेजारी बसल्या. इकडे हिरवा दिवा. तिकडे हिरवा दिवा. दोघींची पोटं टम्म.

पण रिमोट उठेना,
अंगठा येईना,
बाबा बसेना,
बॅटऱ्यांना कुणी बोलावेना.

शंकरपाळी खाऊन झाली. गोष्ट सांगून झाली. आता लावा गोष्टीला झाकण.

खट्.