साहेब अजून कोरडे आहेत

मुरवण्याच्या कोळीवाड्यात दर उधाणाला समुद्र घरात शिरू लागला. जग तापतंय, बर्फ वितळतंय, म्हणून पाणी चढतंय, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं. तेव्हा हौसाबाई तांडेल बंधारा मागायला थेट सरकारी कचेरीतल्या बागवे साहेबांकडे गेली.

साहेबांचा नियम सोपा होता. तिच्या घराच्या भिंतीवरची धोक्याची लाल रेघ पाण्याने ओलांडली, तरच बंधारा. मात्र पाणी रेघेशी आलं, की साहेब रेघच वर काढायला लावत. तीन वर्षांत ती गुडघ्यावरून गळ्यापर्यंत पोचली होती.

"एकदा उधाणाला येऊन तर बघा," हौसाबाई म्हणाली.

साहेब आले, खुर्चीत बसून चहा पिऊ लागले. पाणी आत आलं. आधी साहेबांचे बूट तरंगले, मग कपबशी, मग खुर्ची. घरची माणसं सवयीने माळ्यावर चढली. छातीभर पाण्यात उभे राहून साहेब ओरडले, "बाई, होडी मागवा! मी बुडतोय!"

हौसाबाईने माळ्यावरून वाकून भिंत नीट न्याहाळली.

"रेघ अजून वीतभर वर आहे, साहेब. तुमच्या नियमाने तुम्ही कोरडे आहात."

"खोडा ती रेघ! उंबऱ्यावर काढा! बंधारा मंजूर!"

"तोंडी नको," म्हणत तिने प्लास्टिकच्या पिशवीतला अर्ज आणि पेन खाली सोडलं.

खिशात शिरलेला खेकडा सांभाळत साहेबांनी सही केली. मग होडी आली. सही जरा ओली होती, पण बंधारा तिच्यावर पक्का बांधला गेला.