तिठ्यावरचे बंद वारूळ

"आपल्या तिठ्यावर एवढं मोठं दुकान असताना माझ्या दादाला औषधासाठी नदीपलीकडे का जावं लागलं?" असे एक छोटा ससा भेटेल त्याला विचारत असे. हरणाने मान खाली घातली. कावळा उडून गेला. आईने तोंड फिरवून डोळे पुसले.

मुलांनो, ही गोष्ट एका माळरानावरची. तिथे तीन वाटा मिळत आणि त्या तिठ्यावर बारा खणांचे एक भले मोठे वारूळ होते. एके काळी त्या वारुळात मुळ्या, साली, बिया, मध, सगळे मिळे. म्हातारी घोरपड आणि तिचा नवरा मिळून ते दुकान चालवत. पुढे नवरा वारला. घोरपडीने दारावर धोंडा लोटला आणि दुकान बंद झाले. कुणी ते घ्यायला आले, की ती म्हणे, "शंभर टोपल्या कंद." अख्ख्या माळाने वर्षभर खोदले असते तरी तेवढे कंद निघाले नसते. आलेला प्राणी आल्या पावली परत जाई. गेल्या पावसाळ्यात सशांच्या आईला ताप भरला. औषधाची मुळी आणायला थोरला ससा उथळ जागा बघून नदीत उतरला आणि वरून लोंढा आला. आईचा ताप दोन दिवसांनी आपोआप उतरला. थोरला मात्र परत आलाच नाही.

धाकटा मुळातच तापट. एका सकाळी तो तरातरा तिठ्यावर गेला आणि त्या धोंड्याला लाथा घालू लागला. सावलीत कोल्हा पहुडला होता. तो म्हणाला, "काय ससोबा, दुकान घेताय वाटतं? आधी विसाच्या पुढचे आकडे तरी शिका! मी बघा कसा गप्प बसून आहे. म्हातारीने डोळे मिटले, की फुकटात मिळेल."

एवढ्यात शेजारच्या बिळातून घोरपड बाहेर आली. "कोण रे तो मेला, धोंड्याला लाथा मारतोय?"

"मी, मावशी! पाऊस तोंडावर आलाय. आता आणखी कुणी नदीत जायला नको. मला हे दुकान उघडायचंय."

"शंभर टोपल्या कंद."

सशाने घुबडाची शाळा दुसऱ्याच दिवशी सोडली होती. त्याने सरळ विचारले, "शंभर म्हणजे किती गं?"

कोल्हा पोट धरून हसला. घोरपड मात्र हसली नाही. इतक्या वर्षांत हे तिला कुणीच विचारले नव्हते. ती हळूच म्हणाली, "कुणाला आणताच येणार नाहीत, इतक्या."

"म्हणजे तुला विकायचंच नाही?"

"आत ह्यांचा हात फिरलाय, बाळा. दुसऱ्या कुणी पाय ठेवला, की तो पुसला जाईल."

सशाचा उगारलेला पाय खाली आला. तो म्हणाला, "आमच्या बिळात दादाची गवताची गादी आहे. आईलासुद्धा मी तिला हात लावू देत नाही. पण मावशी, काल मीच तिच्यावर डोकं टेकलं, तर नुसती बुरशी. दादाचा वासच नाही राहिला त्यात."

घोरपड धोंड्यापाशी आली. मग म्हणाली, "ढकल तो धोंडा. दोघं मिळून ढकलू."

आत छताला भगदाड पडले होते. चार खण ढासळले होते आणि उरलेल्या खणांत बाभळीची मुळे शिरली होती. घोरपडीच्या धन्याची एकही खूण शिल्लक नव्हती. घोरपड रडली. तिला टेकून ससाही रडला. दादा गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता.

"दुकान मी विकणार नाही," डोळे पुसून घोरपड म्हणाली. "पण तू खोद, लिंप, चालव. कुठली मुळी कशावर द्यायची, ते मी शिकवते."

"आणि किंमत?" कोल्ह्याने दारातून मान आत घातली.

"तुला शंभरापर्यंत मोजता येतं ना रे? मग बस बाहेर मोजत!" घोरपड फिसकारली.

ढासळलेले चार खण काही सावरले नाहीत. उरलेले आठ दोघांनी ओल्या मातीने लिंपून घेतले आणि नदी उथळ असतानाच पलीकडच्या मुळ्या आणून भरले. पावसाळा आला, नदी दुथडी भरली आणि पाडसाला ताप आला म्हणून हरीण धावत तिठ्यावर आले. मुळी घेऊन ते घटकाभरात घरी पोचलेसुद्धा.

त्या दुपारी सशाने घोरपडीला दुकानात बसवले. माळावरून हरळीचे ठोंब उपटून आणले आणि तिठ्यावरून नदीकडे जाणाऱ्या वाटेवर तो ते लावत निघाला. औषधाला जाणाऱ्यांच्या पायांनी ती वाट पार उघडी पडली होती; आता तिची गरज उरली नव्हती. अगदी काठाशी, जिथून दादा पाण्यात उतरला होता, तिथे त्याने शेवटचा ठोंब लावला, दोन्ही पायांनी माती दाबली आणि तो मागे फिरला.

तात्पर्य : कुणी एखाद्या गोष्टीची न परवडणारी किंमत सांगू लागले, तर घासाघीस करण्याआधी त्याचे काय हरवले आहे, ते विचारावे.