श्वेतसरावरचे पाहुणे

फार पूर्वी शालवती नगरीवर धृतवर्मा राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व व्यापारी तांडे नेणाऱ्या एका सार्थवाहाच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव क्षेमिल ठेवले होते. वयात आल्यावर त्याने वडिलांचे बैल आणि गाड्या हाती घेतल्या आणि तो उत्तरेच्या पहाडांकडे व्यापाराला जाऊ लागला. त्याला पुष्यक नावाचा धाकटा भाऊ होता. आईवडील गेले तेव्हा पुष्यकाला नीट बोलताही येत नव्हते. क्षेमिलाने त्याला गाडीत आपल्या पुढ्यात बसवून, आपल्या ताटातले घास भरवून वाढवले. दोघा भावांचा एकमेकांवर फार जीव होता.

त्या पहाडांत श्वेतसर नावाचे एक सरोवर होते. वसंत ऋतू लागला की दूरदूरचे राजहंस तेथे उतरत आणि लव्हाळ्याच्या बेटांत घरटी बांधत. सरोवराच्या काठावर शेवाळाचा जाड, मऊ थर होता. पावसाचे आणि बर्फाचे पाणी तो थर धरून ठेवी आणि थोडे थोडे करून खाली सोडी. डोंगराच्या पायथ्याला कुरवक नावाचे गाव होते, तिथला झरा याच पाण्यावर वाहत असे.

एकदा खिंडीत दरड कोसळल्यामुळे क्षेमिलाचा तांडा श्वेतसराच्या काठी मुक्कामाला थांबला. बरोबरच्या प्रवाशांनी तेथे हंस पाहिले. नगरात परतल्यावर ते ज्याला त्याला हंसांविषयी सांगत राहिले, आणि पुढच्या वसंतात कितीतरी माणसे क्षेमिलाच्या दारी आली. आम्हालाही तेथे घेऊन चल, असे ती म्हणू लागली. क्षेमिलाला आनंद झाला. सरोवर पाहताना माणसांचे चेहरे कसे उजळतात, हे पाहायला त्याला आवडे. हळूहळू त्याचा मालाचा व्यापार मागे पडला आणि प्रवाशांना वर नेणे हेच त्याचे मुख्य काम झाले. कुरवकची माणसे डोल्या वाहू लागली, स्वयंपाक करू लागली, लोकरीची पांघरुणे विणून विकू लागली. गावात दोन वेळची चूल पेटू लागली.

पुष्यक वर काठावर प्रवाशांची व्यवस्था पाहत असे. एक दिवस त्याने सहज ढोल वाजवला, तर सगळे हंस एकदम उडाले. आभाळ पांढरे झाले. लोक आनंदाने नाचू लागले. त्या दिवसापासून प्रत्येक तांडा आला की पुष्यक ढोल वाजवी, आणि श्वेतसराची कीर्ती दुप्पट झाली.

काही वसंत असे गेले. मग हंस कमी येऊ लागले. लोक म्हणाले, पाखरांची वाट बदलली असेल. क्षेमिलाला मात्र चैन पडेना. एका सकाळी अंगावर लव्हाळ्याची चटई पांघरून तो घरट्यांजवळ जाऊन बसला आणि दिवसभर हलला नाही. पलीकडच्या काठावर ढोल वाजला. हंस उडाले, लोकांनी आरोळ्या दिल्या, आणि लगेच कावळे घरट्यांवर उतरले. हंस आभाळात घिरट्या घालत राहिले. खाली यायचा धीर त्यांना बराच वेळ होईना. ते परतले तोवर काही अंडी फुटली होती आणि काही गार पडली होती. एक हंसी गार अंड्यांवर पंख पसरून बसली. ती ऊन उतरेपर्यंत तशीच बसून होती.

क्षेमिल परतला तो काठाने चालत. पूर्वी जेथे पाय घोट्यापर्यंत मऊ शेवाळात रुतत, तेथे आता चिखल झाला होता. खाली गावात पोहोचल्यावर त्याने झऱ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते गढूळ होते.

त्याने पुष्यकाला जवळ बसवले आणि पाहिलेले सगळे सांगितले. ढोल थांबवायचा, एवढेच त्याचे म्हणणे होते. पुष्यक म्हणाला, इतक्या लांबून लोक येतात, त्यांना रिकाम्या डोळ्यांनी परत कसे पाठवायचे? पक्षी काय, पुढच्या वर्षी पुन्हा अंडी घालतील. क्षेमिल रागावला नाही. तो म्हणाला की या लोकांना इथवर आणणारा मीच आहे, तेव्हा हे निस्तरायचेही मलाच आहे.

मग त्याने कुरवकच्या माणसांना एकत्र बोलावले. रेवा नावाची एक जाणती बाई तेथे होती. वर जाणाऱ्या प्रत्येक तांड्याचा स्वयंपाक तिच्या हातचा असे. ती शांतपणे म्हणाली, "क्षेमिला, हंसांची पिल्ले जगावीत हे खरे. पण आम्हालाही पिल्ले आहेत."

"म्हणूनच वाट बंद करायची नाही, रेवा," क्षेमिल म्हणाला. "वाट अरुंद करायची."

त्याने आपला विचार मांडला. पिल्ले अंड्यांबाहेर येऊन पाण्यात उतरेपर्यंत थोड्याच माणसांनी वर जायचे, तेही गावातल्या जाणत्या माणसाबरोबर. शेवाळावर पाऊल पडू नये म्हणून काठावर दगडांची पायवाट करायची. लव्हाळ्याचा आडोसा उभारायचा आणि त्याच्यामागे बसूनच पाहायचे. बाकीच्यांनी गावात राहायचे, रेवाच्या हातचे जेवायचे, गावकऱ्यांबरोबर दगड वाहायचे, आणि आपली पाळी येईल तेव्हा वर जायचे. लोकांची मने वळली ती त्याच्या बोलण्याने कमी आणि झऱ्याच्या पाण्याने जास्त. ते गढूळ पाणी सगळेच पीत होते.

पुढचा काळ सोपा गेला नाही. थांबायला सांगितले की नगरातले धनिक चिडत आणि परत फिरत. क्षेमिलाचे नाव खराब झाले. गावाची चूल विझू नये म्हणून त्याने आपले बैल एकेक करून विकले. प्रवाशांना नावे ठेवणाऱ्या गावकऱ्यांना तो म्हणे की ज्याला हंस पाहावेसे वाटतात तो माणूस वाईट असत नाही, त्याला फक्त कसे पाहावे हे कुणी सांगितलेले नसते.

पुष्यकाला मात्र हे सोसले नाही. भाऊ उगाच कंगाल होतो आहे, असे त्याला वाटले. रुसून तो शालवतीला गेला आणि ढोलाने उडणाऱ्या हंसांचे वर्णन त्याने राजाच्या कानावर घातले.

धृतवर्मा राजाची आई देवी सुभगा आता थकली होती. तिच्या डोळ्यांना फार थोडे दिसे. राजाने तिच्यासाठी दूरदूरचे वैद्य आणले होते, पण गुण आला नव्हता. पुष्यकाचे बोलणे ऐकून त्याच्या मनात आले की जवळचे दिसत नसले तरी आभाळभर पसरलेला शुभ्रपणा आईला नक्की दिसेल. त्याने हत्ती, तंबू आणि ढोलवाले तयार केले आणि वसंताच्या ऐन मध्यावर तो आईला घेऊन कुरवकला आला. सरोवरापर्यंत रुंद रस्ता खणण्याची आज्ञा त्याने दिली.

क्षेमिल राजासमोर हात जोडून उभा राहिला. ही पिल्ले अंड्यांत भरत येण्याची वेळ आहे, आणि या रस्त्याने काठचे शेवाळ उखडून सरोवर उघडे पडेल, असे त्याने विनयाने सांगितले. राजाच्या भिवया चढल्या. सेवकांनी क्षेमिलाला बाजूला ओढायला हात पुढे केले. पुष्यकाच्या तोंडचे पाणी पळाले. आपण भावाला कुठे आणून उभे केले, हे त्याला तेव्हा कळले.

क्षेमिल डगमगला नाही. "महाराज," तो म्हणाला, "आधी देवींना माझ्याबरोबर थोडा वेळ बसू द्या. त्यानंतर देवी म्हणतील तर ढोल वाजवा, मी अडवणार नाही."

राजा नाही म्हणणार होता. पण डोलीतून सुभगेने त्याचा हात धरला आणि आपली जायची इच्छा सांगितली.

गावच्या भोयांनी डोली दगडांच्या पायवाटेने वर नेली. मागून राजा आणि पुष्यक तेवढे आले. क्षेमिलाने देवीला आडोशामागे बसवले आणि आपले पांघरूण तिच्या गुडघ्यांवर घातले. तेथून हातभर अंतरावर एका हंसीचे घरटे होते. आडोशामागच्या माणसांची तिला आता सवय झाली होती. लव्हाळ्यातून वारा जात होता. मग देवीने मान कलती केली.

"कुणी तरी हळूच बोलते आहे," ती म्हणाली. "अगदी जवळ."

"पिल्लू बोलते आहे, माते. अजून अंड्यातच आहे. बाहेर यायची वेळ जवळ आली की ते आतून आईला हाक मारते, आणि आई बाहेरून ओ देते."

हंसीने मान खाली घालून घशातल्या घशात एक बारीक आवाज केला. अंड्यातून उत्तर आले. सुभगेने तोंडावर पदर धरला. तिच्या मंद डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिने विचारले की ढोल वाजला तर या आईचे काय होईल. क्षेमिलाने खरे तेच सांगितले.

देवीने हात पुढे केला. राजाने तो आपल्या हातात घेतला.

"बाळा, तू पोटात असताना मीही अशीच तुझ्याशी बोलत असे," ती म्हणाली. "डोळे नसल्याचे दुःख आज मला नाही. माझ्यासाठी या आईला उठवू नकोस."

राजा तेथेच लव्हाळ्यात गुडघे टेकून बसला. लहानपणी आईजवळ जसा बसे तसाच तो कितीतरी वेळ बसून राहिला. आईच्या सुखासाठी आपण दुसऱ्या एका आईचे घर उधळणार होतो, हे त्याच्या मनाला लागले. पुष्यकाने भावाच्या पायांवर डोके ठेवले. क्षेमिलाने त्याला उठवून छातीशी धरले, आणि दोघेही आवाज न करता रडले.

राजाने रस्त्याचे काम थांबवले. हत्ती आणि तंबू गावातूनच माघारी गेले. श्वेतसराची देखरेख त्याने कुरवकच्या माणसांकडे सोपवली आणि नगरातल्या मोठ्यातल्या मोठ्या माणसानेही तेथे आपली पाळी धरावी, असा नियम केला. तो स्वतः पुन्हा आला तेव्हा गावात थांबून रेवाच्या हातचे जेवला आणि पायवाटेसाठी दगड वाहून मगच वर गेला. हंस लगेच वाढले नाहीत. एका वसंतात वाढले, दुसऱ्यात पुन्हा घटले. पण झरा निवळला, शेवाळ धरू लागले, आणि क्षेमिलाचे केस पिकले तोवर लव्हाळ्याची बेटे पुन्हा भरून गेली. पुष्यक वाटाड्या झाला. अंड्यातली हाक ऐकायला माणसांना शांत कसे बसवावे, हे त्याच्याइतके कुणाला साधत नसे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, वर्षावासाच्या आरंभी विहारात सांगितली. पावसाळ्यात हिंडू नये, कोवळे गवत आणि त्यातले बारीक जीव तुडवू नयेत, या नियमाने काही तरुण भिक्षू कंटाळले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा धृतवर्मा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. देवी सुभगा म्हणजे ती पलीकडे काठी टेकून बसलेली वृद्ध भिक्षुणी. रेवा म्हणजे आज सकाळी ज्या उपासिकेने तुम्हाला भिक्षा वाढली ती. पुष्यक म्हणजे तुमच्यातलाच तो भिक्षू, जो सर्वांत जास्त कुरकुर करीत होता आणि आता मान खाली घालून हसतो आहे. आणि क्षेमिल सार्थवाह तो मीच होतो."

एवढे बोलून त्यांनी सांगितले की ज्याच्यावर जीव जडला त्याला आपल्यासाठी उठवू नये, त्याच्या दाराशी पाहुण्यासारखे बसावे. हीच मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला गेलेली मैत्री होय.