उलट्या बयाजीचे डोळे

कृष्णाकाठी एक तालीम होती. तिथं होते राणोजी वस्ताद, त्यांचा पट्ठा बयाजी, आणि बयाजीची आई झेलूबाई. मायलेकरं देवळाच्या ओवरीत राहायची. वस्ताद आता थकले होते. ज्याच्या हाती तालीम देतील, त्यालाच तालमीमागचं दोन खणांचं घर मिळणार होतं.

"अंगाचा धनी कोण रे?" वस्तादांनी भर आखाड्यात विचारलं.

"मी!" बयाजीनं शड्डू ठोकला. "अंगातला कणन् कण माझ्या हुकमात आहे."

"मग हो उलटा."

बयाजी सरसर मल्लखांबावर चढला, मांड्यांनी खांब आवळला, अन् हात सोडून डोकं खाली! पोरांनी एकच गिल्ला केला. बघता बघता कान लाल, गाल लाल, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या तट्ट.

"अगं बाई, डोळे फुटतील लेकराचे!" झेलूबाई धावली.

वस्तादांनी तिला हातानंच थांबवलं. मातीत बसले, आणि आपलं तोंड बयाजीच्या तोंडापाशी नेलं.

"दिसतंय का काही?"

"लख्ख! तुमच्या नाकातला केससुद्धा दिसतोय, वस्ताद."

आखाडा खो खो हसला. वस्तादही हसले.

"एवढं रक्त डोक्यात उतरलंय. मग डोळ्यांत पूर का नाही आला?"

बयाजीनं उलट्यानंच डोळे मिचकावून पाहिले.

"डोळ्यामागं केसाहून बारीक तंतू असतात. रक्त उसळलं की ते शिरांना आवळतात, कमी पडलं की सैल सोडतात. तू धनी ना? आवळ बघू एक तरी शीर, माझ्यादेखत."

बयाजीनं ओठ चावले, भुवया ताणल्या, बुबुळं गरगर फिरवली... पोरं "आवळ! आवळ!" करत नाचत होती. घाम उलटा वाहून केसांतून टपटपला.

"नाही जमत, वस्ताद... ते माझं ऐकतच नाहीत."

"आणि तरी?"

"तरी... तुम्ही मला दिसताय."

 झेलूबाईनं पदर तोंडाशी धरला. गेलं घर!

वस्ताद उठले. कनवटीची घराची किल्ली काढली, आणि उलट्याच बयाजीच्या मुठीत कोंबली.

"अहो, हरला की तो!" कुणीतरी ओरडलं.

"म्हणूनच. आपण अंगाचे धनी नाही हे ज्याला उमगलं, त्याच्याच हाती तालीम द्यायची," वस्ताद म्हणाले.

बयाजी धपकन मातीत उतरला. किल्ली घट्ट धरलेली. हसावं की रडावं, काही कळेना.

"वस्ताद... आता मी काय करू?"

"चूल कुठं मांडायची, ते आईला विचार."