वाघजळच्या वेशीतला पाय धुण्याचा दगड

वेशीतून आत येताना हलगी वाजली म्हणून तुम्ही दचकलात. गाडीवरचं सामान बघून वाजवणाऱ्याला वाटलं, तुम्ही बिऱ्हाड घेऊनच आलात. बसा. वेशीतला तो खोलगट दगड पाहिलात ना, त्याची गोष्ट सांगतो.

फार पूर्वी इथं लागोपाठ काही वर्षं पाऊस पडला नाही, असं सांगतात. बिऱ्हाडं खालच्या मुलखात उतरली, गिऱ्हाईक उरलं नाही, आठवड्याचा बाजार मोडला. चांगुणाबाई तेलिणीचा घाणा थांबला आणि तिचा एकुलता मुलगा येसू बायकोला घेऊन काम शोधायला गेला. उरलेलेही निघायच्या विचारात होते. म्हातारी म्हणायची, "गाव उठलं तर येसूनं परत यायचं कुठं?"

मग कुणा वाटसरूनं निरोप आणला, येसू परत यायला निघालाय. गाव इतकं हरखलं म्हणे, की हलगीवाला दुपारपासूनच वेशीत जाऊन बसला. अंधारून येताना गाडी दिसली. हलगी कडाडली. चांगुणाबाईला नीट दिसत नसे. तिनं गाडीवानाला उतरवलं, दगडावर उभं केलं, त्याचे पाय धुतले, घास भरवला. तो मुकाट्यानं खात राहिला. कुणीतरी दिवा जवळ आणला तेव्हा कळलं, हा येसू नव्हेच. हा घोंगड्या विणणारा मायाप्पा सनगर, बायकापोरं आणि माग घेऊन हिंडणारा.

पाटील म्हणाला, "अरे, बोलला का नाहीस?"

"साऱ्या गावांनी वेशीवरनंच परतवलं, पाटील. इथं वाजतगाजत घेतलं. मधीच बोलून वाईटपणा कशाला घेऊ?"

लोक हसले. पाटील मात्र म्हणाला, आपल्यालाच पुरत नाही, सकाळी याला पुढं जाऊ दे.

चांगुणाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला नाही. "माझा येसू बी आज कुणाच्या तरी वेशीत उभा असंल. ह्याला फिरवून मी कुठल्या तोंडानं त्याची वाट बघू?" आणि तिथंच ती नवस बोलली, येसू येईस्तवर जो कुणी चूल मांडायला येईल, त्याचे पाय मी धुणार.

मायाप्पा राहिला, त्याचा माग सुरू झाला. लोकर विकायला धनगर यायला लागले. त्यांना तेल लागे, मीठ लागे. घाणा पुन्हा फिरला, बाजार भरला, आणखी बिऱ्हाडं आली. म्हातारीनं सगळ्यांचे पाय धुतले.

वाटसरूचा निरोप खोटाच निघाला होता; येसू खरंच आला तो पुढं कितीतरी वर्षांनी. म्हातारीला आता वाकवत नव्हतं, म्हणून वेशीत मायाप्पाची सून तांब्या घेऊन उभी.

"अगं बाई, मी इथलाच हाय."

"असू द्या की. पाय पुढं करा."

वेशीलगतच्या घाण्यावरून आवाज ओळखून म्हातारी हसत म्हणाली, "आधी धुऊ दे रे तिला. मग ओळख सांग."

नवस फिटला, तरी गावानं रीत सोडली नाही. आजही कोण, कुठला, हे पाय धुतल्यावर विचारतात. परवा पवनचक्कीच्या कामावर एक परप्रांतातलं कुटुंब आलं, तर त्यांची चिमुरडी हलगीवर नाचायलाच लागली. माझा धाकटा मुलगा कामासाठी सुरतेला असतो. तिथं पहिल्या दिवशी शेजारणीनं त्याला गरम खिचडी आणून दिली, असं फोनवर म्हणाला. मी इथं बसल्या जागी चांगुणाबाईला हात जोडले.