अकरा सलीम आणि एक बूच

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. मी ज्यांच्याकडून ऐकली त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि विचारलं की ते चिडायचे. आता मीही चिडते.

एका खाडीच्या मुखाशी एक गाव होतं. तिथली माणसं होड्या घेऊन समुद्रात जायची, मासे आणायची, खायची, भांडायची आणि झोपायची. त्या गावात एक सलीम होता. लक्षात ठेवा, तेव्हा एकच होता. चाळीस वर्षं तो समुद्रावर गेला आणि चाळीस वर्षं परत आला. एकदा मोठं वादळ झालं. बारा होड्या गेल्या होत्या, त्यातली एकच परतली. ती सलीमची होती. पुढे तो म्हातारा झाला आणि आपल्या घरात, आपल्या बिछान्यात सुखाने वारला.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण लोक शहाणे असते तर मला गोष्टी सांगायची वेळच आली नसती.

लोक गेले मौलवीसाहेबांकडे. "सलीम या नावाचा अर्थ काय हो?"

मौलवीसाहेब म्हणाले, "अरबी शब्द आहे. सलीम म्हणजे सुखरूप. धडधाकट. ज्याला कुठे धक्का लागलेला नाही, असा. पण हे बघा, नाव म्हणजे..."

पण नाव म्हणजे काय, ते ऐकायला कोणी थांबलंच नाही. सलीमला समुद्र बुडवत नाही, असं गावाने वाटेतच ठरवून टाकलं.

त्या वर्षी चार मुलगे झाले. चारही सलीम. पुढच्या वर्षी सात झाले, सातही सलीम. पलीकडच्या काठावरच्या गावांनाही ही साथ लागली. वीस वर्षांत अशी गत झाली, की जेवायला एका सलीमला हाक मारावी तर नऊ जण हात धुऊन यायचे, आणि ज्याला मारली तो नेमका यायचा नाही. कारण त्याला वाटायचं, दुसऱ्याला बोलावतायत.

तुम्ही म्हणाल, मग मोठा सलीम, काळा सलीम, तिरळा सलीम असं म्हणायचं. अहो, तेवढी अक्कल असती तर! गावाने नियमच केला होता, की या नावाला पुढे-मागे काही जोडायचं नाही. नावाचा अर्थच धक्का न लागलेला, मग नावाला धक्का लावून कसं चालेल? सलीम म्हणजे सलीम. बास.

या सगळ्या प्रकाराने एक बाई अगदी वैतागून गेली होती. तिचं नाव रुकय्याबी. त्या पहिल्या सलीमची ही बायको. सगळा गाव तिला नानी म्हणायचा. घरात बाळ झालं, की सातव्या दिवशी लोक ते तिच्या ओटीत आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "नानी, तुमच्या तोंडून नाव घ्या."

"कोणतं?" नानी विचारायची. कोणतं ते तिला माहीत असायचं, तरी विचारायची.

"सलीम."

"ठेवा. अजून एक ठेवा. जागा आहे अजून गावात." मग ती बाळाकडे बघून म्हणायची, "माझा नवरा नावाने वाचला नाही रे बाबांनो. सगळ्या गावात त्याच्याएवढा भित्रा माणूस नव्हता. रोज पहाटे होडीखाली वाकायचा. तळातलं बूच तीनतीनदा हाताने चाचपायचा. फळ्यांच्या फटीत बोट घालून बघायचा. त्या वादळाच्या दिवशी वारा फिरला तसा अर्ध्या वाटेतून मागे वळला. बाकीचे अकरा त्याला हसत पुढे गेले. भीतीने वाचला तो."

लोक माना डोलवायचे. "मोठ्या माणसांच्या घरचे असंच बोलतात. काय तो साधेपणा!"

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. नानीचा एकुलता एक नातू, त्याचंही नाव तिच्या सुनेने तिला न विचारता सलीमच ठेवलं. नानीने त्या नावाने त्याला एकदाही हाक मारली नाही. ए पोरा, म्हणायची. वीस वर्षांचा घोडा झाला तरी ए पोराच.

तर एके वर्षी गावाने मोठी नवी होडी बांधली. तिचे सगळे खलाशी सलीम असावेत असं ठरलं. अकरा सलीम निवडले. त्यात नानीचा नातू होता. त्यांचा तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख, तेवढा याकूब होता, कारण तो ही साथ येण्याआधी जन्मला होता.

आता बूच म्हणजे काय ते सांगते, मग पुढे मधेच विचारू नका. होडीच्या तळाला एक भोक असतं. होडी किनाऱ्यावर ओढली, की त्यातून आत साठलेलं पाणी निघून जातं. समुद्रात लोटण्याआधी त्या भोकात लाकडी बूच ठोकायचं असतं. काम चार ठोक्यांचं.

होडी लोटायच्या दिवशी सगळा गाव किनाऱ्यावर जमला. ढोल वाजत होते. नानीने नातवाची बाही धरली.

"बूच बघितलंस?"

"तांडेलांनी सांगितलंय, नानी."

"कोणाला?"

"सलीमला."

"कोणत्या सलीमला?"

"सलीमला म्हणजे... सलीमला."

"तू सलीम नाहीस?"

"आहे. पण मलाच सांगितलं असं कसं म्हणू? दहा जण होते तिथे."

नानीने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, मग बघून ये!"

"नानी, सलीमांची होडी आहे ही. आज बूच चाचपत बसलो तर लोक हसतील."

"तुझ्या आजोबाला हसायचे तसे?"

पण तेवढ्यात ढोल वाढले, सगळ्यांनी जोर लावला आणि होडी पाण्यात गेली. नातवासकट.

लोक होडीकडे बघत होते. नानीला नातवाच्या निघून गेलेल्या पाठीचा राग आला होता, म्हणून ती खाली वाळूकडे बघत होती. होडी जिथे उभी होती तिथे वाळूत बूच पडलं होतं. कोरं करकरीत. एकही ठोका न खाल्लेलं.

इकडे होडी खाडीच्या मुखापर्यंत पोहोचली आणि पाणी खलाशांच्या घोट्याला लागलं. तांडेल ओरडला, "बूच कोणी ठोकलं?"

"सलीमने," अकराही जण म्हणाले. खोटं कोणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाला खरंच तसं वाटत होतं.

"सलीम, भोक बुजव!"

अकराही जण एकदम उठले. होडी एका अंगाला कलली आणि काठावरून आणखी पाणी आत आलं.

"बसा! बसा सगळे!" तांडेलाचा आवाज चिरकला. "आता सलीम, एकट्याने जा!"

आता कोणीच उठेना. आपण उठलो आणि दुसराही उठला तर होडी उलटेल, या धाकाने अकराही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं.

नानी बूच हातात घेऊन मुखाजवळच्या शेवटच्या खडकावर पोहोचली होती. तिचे गुडघे दुखत होते. होडी दिसत होती, खाली बसत चाललेली होडी. किनाऱ्यावरचे लोक "सलीम! सलीम!" म्हणून ओरडत होते. नानीने श्वास घेतला आणि सगळ्यांच्या वर आवाज काढला.

"अरे रुकय्याच्या नातवा! हात घाल त्या भोकात!"

रुकय्याचा नातू होडीत एकच होता. इकडेतिकडे बघायची सोयच राहिली नाही. तो पाण्यात वाकला, तळ चाचपला आणि भोकात चार बोटं मुठीपर्यंत कोंबली. पाणी यायचं थांबलं. मग तांडेलाने बाकीच्यांना वल्ही मारायला लावली, आणि होडी धडपडत खडकाकडे आली. शेवटच्या लाटेने तिला उचलून खडकावर आपटलं. भोकातून बाहेर निघालेली बोटं खाली चिरडली. त्याने हात काढला नाही. काढला असता तर होडी तिथेच भरली असती.

सगळे वाचले. नातवाची दोन बोटं गेली.

नानीने आपल्या ओढणीने त्याचा हात बांधला. बांधताना तिचं तोंड चालू होतं. "चार ठोक्यांचं काम. चार ठोके!" मग ती रडली. खूप रडली.

गावात कुजबुज झाली. दोन बोटं गेलेल्याला सलीम कसं म्हणायचं? नावाला धक्का लागला ना! हो, लोक हेही बोलले. मी काय करू?

दुसऱ्या महिन्यापासून नातू पहाटे उठू लागला. किनाऱ्यावरच्या एकूणएक होडीखाली वाकायचा आणि उरलेल्या तीन बोटांनी बूच चाचपायचा. तीनतीनदा. पोरं हसायची. तो चाचपायचा. त्यानंतर त्या किनाऱ्यावरून एकही होडी बुचाशिवाय गेली नाही.

एके दिवशी तो असाच काम उरकून अंगणात आला. अंगणात जाळी विणत आठ-दहा सलीम बसलेले होते. नानी दारात आली. वीस वर्षांत जे नाव तिने नातवासाठी घेतलं नव्हतं ते तिने त्या दिवशी घेतलं.

"सलीम, ये. जेवून घे."

सगळ्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा जाळ्यात घातल्या. उठला तो एकटाच.

तात्पर्य: नाव आईबाप ठेवतात, पण त्याचा अर्थ ज्याचा त्याला रोज वाकून कमवावा लागतो.